तिसऱ्या गिरणीतून निघताना

ही खरी घडलेली गोष्ट आहे. पटली तर ठीक, नाही पटली तर सोडून द्या. कुणाशी वाद घालण्याइतकं त्राण आता ना माझ्यात आहे, ना ज्याच्यावर ही वेळ आली त्याच्यात.

ज्याच्यावर आली तो माझा सख्खा मावसभाऊ, गौरांग चौगुले. मूळचा जयसिंगपूरचा. आता जर्मनीत गाड्यांचे सुटे भाग बनवणाऱ्या एका कंपनीत इंजिनिअर आहे.

गावाचं नाव मी मुद्दाम लिहीत नाही. हॅनोव्हर आणि वोल्फ्सबुर्गच्या मधे, हायवेपासून थोडं आत, एवढं बास. तिथे अजून लोक राहतात. टेकाडावरची ती पवनचक्कीही अजून उभी आहे.

आणि रात्र म्हणाल, तर रात्र नव्हतीच.

गेल्या वर्षीचा फेब्रुवारी. चहाची वेळ टळून गेलेली, एवढंच. पण तिकडे हिवाळ्यात तेवढ्यातच मिट्ट अंधार होतो. भुतांना बिचाऱ्यांना बारा वाजेपर्यंत ताटकळावं लागत नाही.

हसू नका. मीही आधी हसलो होतो.

गौरांगने त्या गावात घर घेतलं, कारण शहरात मिळतच नव्हतं. तिथे घर शोधायचं म्हणजे नाकी नऊ येतात. इथे मिळालं, पण रोजचा रस्ता वाढला. उजाडायच्या आत निघायचं, अंधारात परत यायचं. हायवेवर ‘श्टाऊ’ लागला, म्हणजे ट्रॅफिक तुंबला, की जेवण गार व्हायचं. बायको शमिका हॅनोव्हरला पीएचडी करत होती. तिचीही तीच तऱ्हा. आणि मुलगी इरा, सहा वर्षांची. मराठी सगळं कळतं, उत्तर मात्र जर्मनमध्ये.

ते घर कायम दमलेलं असायचं. मीही जर्मनीतच असतो; मी त्यांच्याकडे गेलो की गौरांग माझ्याशी बोलता बोलता सोफ्यावरच पेंगायचा. मग मी आणि शमिका हळू आवाजात बोलत बसायचो.

अशा घरात, त्या फेब्रुवारीच्या आधीच्या सप्टेंबरमध्ये, अण्णा आले.

अण्णा म्हणजे गौरांगचे वडील. जयसिंगपुरात त्यांची पिठाची गिरणी होती. उभा जन्म तिच्यात गेला. सकाळी पट्टा चढवला की रात्रीच उतरायचा. भुवयासुद्धा पांढऱ्या. मशीनच्या घडघडाटाने कान गेले, पिठाने छाती धरली. माझी मावशी वारली तेव्हाही तेराव्यानंतर दुसऱ्याच दिवशी गिरणी सुरू. लोकांची दळणं अडली होती म्हणे.

पुढे शरीर थकलं आणि गिरणी बंद केली.

गौरांगचं लहानपणापासून एकच मागणं होतं. अण्णांनी एकदा तरी निवांत बसावं. हातावर हात ठेवून. कुणाची हाक नाही, कुणाचं दळण नाही. त्यासाठीच त्याने त्यांना तीन महिने बोलावून घेतलं होतं. आल्या दिवशी म्हणाला, अण्णा, इथे काही करायचं नाही, नुसता आराम.

त्याला आयुष्याकडून हवं होतं ते एवढंच. अण्णांना आराम.

पण अण्णा कसले बसतात! घरात दिवसभर कुणी नाही. टीव्ही जर्मन. ते चालत चालत टेकाडावर जायला लागले. वर पवनचक्की दिसली आणि गडी खूष. रोज तिच्याभोवती एक फेरी मारायची आणि बंद दाराकडे बघून परत यायचं.

त्या टेकाडावर पूर्वी ओळीने तीन पवनचक्क्या होत्या. सगळ्या पंचक्रोशीचं दळण तिथे यायचं.

पहिली जळाली. दगडांमधले दाणे संपले होते आणि गिरणीवाल्याला डुलकी लागली होती. दगडावर दगड घासला, ठिणगी पडली. तोही तिच्यासोबत गेला. दुसरी विजेच्या गिरण्या आल्यावर बसली. तिची लाकडं लोकांनी गोठ्यांना लावली. मालक कारखान्यात नोकरीला गेला. सकाळी भोंगा, संध्याकाळी भोंगा, पण झोप पुरेशी मिळते, असं सगळ्यांना सांगायचा म्हणे.

तिसरी राहिली.

तिची देखभाल गावातलं एक मंडळ करतं. किल्ली फ्राऊ टीडेमान नावाच्या म्हाताऱ्या बाईंकडे असते. शेवटच्या गिरणीवाल्याची ही भाची. थंडी सुरू व्हायच्या आधी, ऑक्टोबरातल्या शेवटच्या रविवारी, बाईंनी दार उघडलं. गौरांग अण्णांना आणि इराला घेऊन गेला.

म्हणजे, घेऊन गेला आणि दाराशेजारच्या बाकावर बसला. आदल्या दिवशीही कामावर जावं लागलं होतं. डोळे उघडत नव्हते. आत दुभाषी म्हणून इरा.

अण्णांना दुभाषी कशाला हवा? दगडावर हात फिरवला आणि म्हणाले, टाकी लावायला झालीय, म्हणजे दगडाला छिन्नीने पुन्हा खाचा पाडायला. वरचा दगड हलू नये म्हणून मंडळाने त्याखाली लाकडाची जाड पाचर ठोकली होती. पातीही बाहेर साखळीने बांधलेली. गिरणी बघण्यापुरतीच राहिली होती.

मग बाईंनी घंटी दाखवली.

पहिली गिरणी जळाल्यावर बसवलेली. धान्याच्या लाकडी खोक्यात एक चामडी पट्टा. दाण्यांच्या वजनाने तो दबलेला राहतो. दाणे संपले की पट्टा सैल होतो आणि घंटी वाजते. ती वाजली की गिरणीवाल्याने असेल तिथून धावत यायचं. कारण दगड रिकामे फिरता कामा नयेत.

आपल्याकडेही रिकामं जातं फिरवत नाहीत. अण्णा लहान मुलासारखे हसले. पुन्हा पुन्हा तो पट्टा दाबून बघत होते, असं इरा नंतर सांगायची.

मग सगळे निघाले.

मंडळाच्या लोकांची एक पद्धत आहे. बाहेर पडताना दाराच्या खांबावर तळवा ठेवायचा आणि म्हणायचं, ‘गेनूग’. म्हणजे, पुरे. आजचं काम झालं. एकेक जण हात ठेवून, शब्द म्हणून बाहेर पडत होता. गौरांग बाकावरून अर्धवट डोळ्यांनी बघत होता.

अण्णा आले. त्यांनी खांबाला हात लावला, तोच हात कपाळाला लावला. आणि आपण कुठूनही निघताना म्हणतो तेच म्हणाले.

“बरं, येतो.”

आपण ‘जातो’ म्हणत नाही. घरातून निघताना कुणी ‘जातो’ म्हटलं तर आई पाठीत धपाटा घालते. हे तुम्हाला सांगायला नको.

पण बाईंना काय माहीत? त्यांनी इराला विचारलं, आजोबा काय म्हणाले?

इराने शब्दाला शब्द ठेवला. “एर कोम्ट.” ते येणार आहेत.

बाईंचा चेहरा उतरला. त्यांनी विचारलं, कधी? इराने अण्णांच्या कानाशी जाऊन विचारलं. अण्णांना वाटलं, बाई प्रेमाने पुन्हा बोलावतायत. ते मोठ्यांदा म्हणाले, “बोलवाल तेव्हा येतो की!”

इराने तेही सांगितलं. बोलावलं की येतील.

 मंडळाचे दोन म्हातारे खाली बघत उभे राहिले.

आणि अण्णांनी एकदम मान वर केली...

“घंटी वाजली बघ,” ते म्हणाले.

कुणाला काही ऐकू आलं नव्हतं. वारा नव्हता. पाती बांधलेली. आणि अण्णांचं कानाचं यंत्र त्यांच्या शर्टाच्या खिशात होतं.

बाई गौरांगजवळ येऊन बसल्या. म्हणाल्या, वडिलांना पुन्हा आत न्या, त्यांना ‘गेनूग’ म्हणायला सांगा. त्याने समजावलं, अहो, आमच्याकडे निघताना असंच म्हणतात, त्याचा अर्थ तसा नसतो.

त्यावर त्या जे म्हणाल्या, ते त्याला आजही झोपेत ऐकू येतं.

“अर्थ तुम्हाला कळतो. गिरणीला फक्त शब्द कळतो.”

मग त्यांनी मामाची हकीकत सांगितली. हाइन्रिश टीडेमान, शेवटचा गिरणीवाला. हाडाचा दमलेला माणूस. एका संध्याकाळी त्याने गिरणी थांबवली, दारात म्हणाला, आलोच. आणि घरी जेवायला गेला तो परत गेलाच नाही. घर समोरच होतं. वीस वर्षं त्या बाजूच्या खिडकीचा पडदा त्याने उघडला नाही. तो वारला त्याच्या दुसऱ्या दिवशी गिरणीच्या पन्हळीत पीठ सापडलं. ताजं. कोमट. मग रोजच सापडायला लागलं. शेवटी त्याच्या बहिणीने, म्हणजे बाईंच्या आईने, दारात उभं राहून त्याच्या वतीने ‘गेनूग’ म्हटलं. तेव्हा कुठे थांबलं. रक्ताच्या माणसालाच म्हणावं लागतं म्हणे.

गौरांगने ऐकून घेतलं. त्याला पुढे दुसऱ्या दिवशीची पहाट दिसत होती. तो म्हणाला, हो, हो, पुढच्या रविवारी नक्की आणतो.

पुढच्या रविवारी गिरणी बंद होती. हिवाळ्यासाठी. थेट वसंतात उघडणार. त्याने काही किल्ली मागितली नाही.

नोव्हेंबर लागला. हिवाळी वेळेसाठी घड्याळं आधीच तासभर मागे गेली होती. साडेचारलाच अंधार.

आणि अण्णा अंधार पडला की कान टवकारायचे...

आधी इराने बघितलं. ती आजोबांसोबत चित्रं रंगवत बसलेली असायची. अण्णा मधेच हात थांबवायचे. “वाजतीय,” म्हणायचे. यंत्र टेबलावर पडलेलं.

मग उठून चपला शोधायचे. दाणे संपलेत, कुणी बघत का नाही, असं पुटपुटत दारापर्यंत जायचे. शमिका लवकर घरी आलेली असली तर त्यांना परत आणून बसवायची. ती म्हणायची, अण्णा, अहो, इथे कुठली गिरणी? ते ओशाळून हसायचे.

वय झालं, असं दोघांनी ठरवलं. कुणीही ठरवलं असतं.

एकदा मात्र ती दोघंही उशिरा आली. अण्णा जिन्यात बसले होते. धाप लागलेली. स्वेटरची बाही कोपरापर्यंत पांढरी... गौरांगने झटकली तर हाताला पीठ लागलं. त्याला वाटलं, भाकरी करायला गेले असतील. स्वयंपाकघरात ओटा स्वच्छ होता.

त्याने विचारलं नाही. इतका थकला होता, की विचारलं तर उत्तर ऐकावं लागेल याचाच कंटाळा आला, असं तो मला म्हणाला.

व्हिसा संपला. अण्णांना सोडायला सगळे विमानतळावर गेले. मीही बाड हॉम्बुर्गहून आलो होतो. अण्णा निम्मे झाले होते. आरामाला आलेला माणूस असा कसा वाळला, हेच मला कळेना.

आत जायची वेळ झाली. गौरांग आणि शमिका पाया पडले. अण्णांनी इराच्या डोक्यावरून हात फिरवला. मग म्हणाले, “जातो रे बाळ.”

आम्ही सगळेच चपापलो.

शमिका पटकन म्हणाली, “अण्णा, असं नाही. येतो म्हणा.”

अण्णांनी तिच्याकडे बघितलं. राग नाही, दुःख नाही. दिवसभर उभं राहिलेल्या माणसाचे असतात तसे डोळे.

“तो शब्द तिकडं देऊन बसलोय गं,” ते म्हणाले. “एक शब्द दोन ठिकाणी कसा द्यायचा?”

आणि आत निघून गेले. वळून बघितलं नाही.

जानेवारीच्या शेवटी जयसिंगपूरहून फोन आला. ऊर्मिलाताईचा, गौरांगच्या थोरल्या बहिणीचा. अण्णा गेले. जेवून पडले होते. झोपेतून ताडकन उठून बसले, म्हणाले, घंटी वाजतीय, दाणे संपलेत, कुणी बघत का नाही? चपला घातल्या. उंबऱ्यापर्यंत गेले आणि तिथेच...

भारतात तेव्हा रात्र झालेली होती. जर्मनीत नुकताच अंधार पडत होता.

गौरांग एकटाच गेला. इराची शाळा, शमिकाचं काम. तेरावा उरकून तो परत आला तेव्हा त्याच्या चेहऱ्याकडे बघवत नव्हतं. पण एक समाधान होतं. मला फोनवर म्हणाला, “सुटले रे. आता तरी आराम मिळेल त्यांना.”

दुसऱ्याच दिवशी कामावर. संध्याकाळी परतताना इराला होर्टमधून घेतलं. होर्ट म्हणजे शाळेनंतर मुलं थांबतात ते. गाडी टेकाडाखालच्या वळणावर आली आणि रस्त्याच्या कडेला फ्राऊ टीडेमान उभ्या दिसल्या. हातात किल्ली, अंगात कोट, डोक्याला काही नाही. थंडीने थरथरत होत्या.

त्याने काच खाली केली.

बाई चिडलेल्या होत्या. म्हणाल्या, तुमचे वडील रोज संध्याकाळी वर जातात. कुलूप असतं, तरी आत जातात. मी हाका मारते, त्यांना ऐकू येत नाही. म्हाताऱ्या माणसाला एवढ्या थंडीत असं सोडतं का कुणी?

गौरांगला वाटलं, आपल्या कानात काहीतरी बिघाड झाला.

तो म्हणाला, अण्णा वारले. इराने तुम्हाला सांगितलं नाही?

बाईंनी इराकडे बघितलं. इराने सांगितलं होतं. घरात सगळे म्हणत होते, आजोबा गेले. तिने तेच जर्मनमध्ये सांगितलं होतं. आजोबा गेले. बाईंनी विचारलं, कुठे गेले? इरा म्हणाली, माहीत नाही. बाईंना वाटलं, बाहेर कुठे गेले असतील. आणि संध्याकाळी ते टेकाडावर दिसलेच.

बाईंनी गाडीला टेकून डोळे मिटले. मग किल्ली पुढे केली. त्या काही वर येणार नव्हत्या.

आता मला सांगा, तुम्ही काय केलं असतं?

गौरांग भित्रा नाही, शूरही नाही. पण त्याच्या डोक्यात एकच गोष्ट आली. अण्णा मेल्यावरही दळतायत. ज्या माणसाला बसलेलं बघायला हा जन्मभर तरसला, तो अजून उभाच आहे. एका ‘येतो’ पायी.

त्याने गाडी वर घेतली. इराला गाडीत बसायला सांगितलं, दारं लावली.

कुलूप उघडलं. मोबाईलचा दिवा लावला.

आत आवाज नव्हता. वाऱ्याचासुद्धा नाही.

मग वास आला...

तिकडच्या ‘राय’ धान्याचा नाही, गव्हाचा नाही. तो वास त्याने चड्डीत असल्यापासून घेतलेला होता. गरम दगडाखालून निघालेल्या ज्वारीच्या पिठाचा. त्या मुलखात ज्वारी कोण पेरतं?

तो शिडीने वर गेला. पाचर जागच्या जागी होती. वरचा दगड ढिम्म. दाण्यांचा खोका रिकामा, त्यावर कोळ्याचं जाळं.

पन्हळीखालचा लाकडी डबा भरलेला होता.

त्याने हात घातला. पीठ कोमट होतं. त्याने चिमूट घेऊन अंगठ्याने बोटावर चोळली. अण्णा चोळायचे तशी. भाकरीला लागतं तसंच दळलेलं. जरासं रवाळ.

तिथेच त्याला रडू फुटलं. भीतीने नाही. तो म्हणाला, ते पीठ अगदी बरोबर होतं रे.

आणि मग घंटी वाजायला लागली...

या वेळी त्यालाही ऐकू आली. बारीक. घाईची. थांबतच नव्हती. आणि घंटीच्या मागे, दगडाच्या पलीकडच्या काळोखात... धाप. छाती धरलेल्या माणसाची. लांब श्वास, मग खोकला, मग चपला फरफटत येण्याचा आवाज. खोक्याच्या दिशेने. एकेक पाऊल ओढत.

दिवा तिकडे वळवायची त्याची छाती झाली नाही.

तो शिडीने खाली आला, म्हणजे जवळजवळ पडलाच. दारात उभा राहिला. खांबावर तळवा ठेवला.

“अण्णा,” तो म्हणाला. “पुरे झालं. बसा आता. गेनूग.”

घंटी थांबली.

चपलांचा आवाज थांबला.

बऱ्याच वेळाने वर कुठेतरी फळी करकरली. कुणीतरी टेकून बसावं, अंग सैल सोडावं, तशी. आणि एक मोठा उसासा. बस्स.

गौरांग तिथेच खांबाला डोकं लावून उभा राहिला. त्याला इतकं हलकं वाटलं, की थंडीसुद्धा कळेना. अण्णा बसले होते. एकदाचे.

तो वळला तर मागे इरा उभी.

गाडीची दारं लावलेली होती, हे त्याला पक्कं आठवतं. ती कशी उतरली, ते त्याने विचारलं नाही. तिचा हात धरला आणि निघाला. काही म्हणायचं नाही, मागे बघायचं नाही.

दोन पावलं गेले असतील. इराने हात सोडवून घेतला. मागे वळली. दाराकडे बघून हात हलवला. आणि त्या पोरीने, जी घरात कधी एक अख्खं वाक्य मराठीत बोलली नव्हती, स्वच्छ मराठीत म्हटलं:

“येते हं.”

गौरांगने तिला उचलून गाडीत कोंबलं. गाडी टेकाड उतरली. मग विचारलं, असं का म्हणालीस?

इरा जर्मनमध्ये म्हणाली, आजोबांनी सांगितलं, निघताना ‘जाते’ म्हणायचं नसतं.

कधी सांगितलं?

“आत्ता,” इरा म्हणाली.

दुसऱ्या दिवशी त्याने रजा टाकली. बाईंना आणि इराला घेऊन वर गेला. इराचा हात खांबावर ठेवून तिच्याकडून ‘गेनूग’ म्हणवून घेतलं. दोनदा. डबा रिकामा होता. पिठाचा कणही नाही. बाई म्हणाल्या, झालं, मिटलं.

ती संध्याकाळ शांत गेली.

त्याच्या पुढच्या संध्याकाळी इराने गृहपाठ करता करता मान वर केली.

ते गाव सोडून त्यांना आता वर्ष होईल. हॅनोव्हरमध्ये ट्रामच्या रस्त्यावर, तिसऱ्या मजल्यावर राहतात. गौरांगने सकाळची लवकरची पाळी मागून घेतली आहे. का, ते ऑफिसात कुणाला माहीत नाही.

मागच्या महिन्यात मी त्यांच्याकडे गेलो होतो. शमिकाने पोहे केले होते. गौरांग कामावरून धावतपळत आला, बूट काढायच्या आधी खिडकीकडे बघितलं. बाहेर अजून उजेड होता. तेव्हा कुठे बसला. केस पांढरे झालेत त्याचे. कानांवरचे, भुवयांचे. क्षणभर मला अण्णाच बसल्यासारखे वाटले.

गप्पा मारता मारता दिवे लागले. इरा जमिनीवर बसून काहीतरी कापत होती. तिची कात्री थांबली...

“पपा, एस क्लिंगेल्ट,” ती म्हणाली. घंटी वाजतेय.

मला काही ऐकू आलं नाही. खाली ट्राम गेली, तिचा आवाज तेवढा आला.

गौरांग उठून तिच्याजवळ गेला. खाली बसला. तिचा तळवा दाराच्या चौकटीवर टेकवला. हे इतकं सवयीचं होतं, की शमिकाने पोह्यांच्या बश्या उचलायचंही थांबवलं नाही.

“म्हण बाळा. पुरे.”

“पुरे,” इरा म्हणाली. आणि पुन्हा कापायला लागली.

तो माझ्याकडे बघून कसनुसं हसला. म्हणाला, ‘गेनूग’ म्हणजे आजच्यापुरतं पुरे. मला तेव्हा कळलंच नाही. रोज म्हणावं लागतं. उन्हाळ्यात बरं असतं, अंधार उशिरा पडतो.

मी विचारलं, दुसरं कुणी म्हणवून घेऊ शकत नाही का? शमिका?

शमिकाने आतूनच उत्तर दिलं. तिने करून बघितलं होतं. तेव्हा इरा उठून दारापर्यंत गेली होती. चपला शोधत.

मला आणखी एक विचारायचं होतं. अण्णा खरंच बसलेत, की तेही एका दिवसापुरतंच होतं? ते सुटले म्हणून आता हिला बोलावणं येतं, की ते फार दमले म्हणून? पण गौरांगचा चेहरा बघून जीभ रेटली नाही. तो मिटल्या डोळ्यांनी सोफ्यावर रेलला होता. दुसऱ्या दिवशी पुन्हा तोच रस्ता, तोच श्टाऊ, आणि अंधाराच्या आत घर गाठायचं.

मी निघालो. दारात बूट घातले. त्या दोघांकडे बघितलं. ‘येतो’ ओठांवर आलेलं मी गिळलं. ‘जातो’ म्हणवेना. काहीच न बोलता जिना उतरलो.

खालच्या वळणावर वरून इराचा आवाज आला. स्वच्छ मराठीत.

“काका, असं न सांगता नाही निघायचं. आजोबा विचारतायत.”